गेले म्हणजे निघाले

आमच्या होस्टेलवर सुदानची एक मुलगी होती. तिचं मराठी ऐकून नवा माणूस गारच व्हायचा, कारण ती ते वर्गात शिकली नव्हती, मेसच्या स्वयंपाकघरात शिकली होती. शिकवणारी आमची मावशी. पुण्याच्या कडेच्या या पुनावळ्यातल्या जुन्या घरातली बाई. तिच्या सासऱ्याच्या शेतात आता सोसायट्या उभ्या आहेत, आणि ही "घरी बसून अंग आंबतंय" म्हणत आमच्या मुलींना रांधून घालते. त्यामुळं डोक्याला रुमाल बांधलेली ही उंच पोर माझ्या दारात यायची आणि म्हणायची, "व्हय मॅडम, पंखा अजून फिरत न्हाई."

"'नाही' म्हण गं," मी रागवायची. "मुलाखतीत असं बोललीस तर बाहेर काढतील."

"काढू द्या की," ती म्हणायची, आणि मला तोंड फिरवून हसावं लागायचं.

मी या होस्टेलची रेक्टर. मूळची नांदेडकडची, नवऱ्याच्या चाकणच्या नोकरीमुळं इकडं आलेली. तोंडाची फटकळ आहे. मुली मला पाठीमागं काय म्हणतात ते मला पक्कं ठाऊक आहे, आणि त्याचं मला काही वाटत नाही. एवढ्या पोरी सांभाळायच्या तर एकीनं तरी वाईट व्हायला पाहिजे. सहसा मी कशाला घाबरत नाही. पण त्या पोरीपायी मी जी घाबरले, ती भीती अजून गेलेली नाही. समोरच्यानं फोन उचलला नाही की आजही मी तो उचलेपर्यंत लावत राहते.

तिच्या देशात लढाई पेटली. एकाच देशाची दोन सैन्यं एकमेकांवर उठली आणि मधे माणसं सापडली. आपल्याकडं टीव्हीवर ती बातमी धड आलीसुद्धा नाही. तिचं घर राजधानीत. आई आणि धाकटी बहीण पहिल्याच घाईत सीमा ओलांडून इजिप्तमध्ये मामाकडं पोचल्या. घरात उरले बाबा आणि मोठा भाऊ. बाबा शाळामास्तर, आणि हट्टी. माझ्या घराला मी कुलूप लावणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि बाबांना एकटं टाकून भाऊ जागचा हलेना. आई तिकडून रडायची, ही इकडून रडायची, बाबा ऐकत नव्हते.

त्या भावाला मी ओळखत होते, म्हणजे आवाजानं. ही त्याला इथले शब्द शिकवायची आणि तो आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा. एकदा तिनं फोन माझ्या कानाला लावला. तिकडून एक जाड, आनंदी आवाज म्हणाला, "मॅडम, काय राव." मी म्हटलं, "त्याला सांग, मॅडमला राव म्हणत नाहीत." दुसऱ्या दिवशी परत तेच, "मॅडम, काय राव," आणि मागून त्याचं हसणं. लढाई सुरू झाल्यावरही फोन लागला की तो बहिणीला आधी हेच ऐकवायचा. ती म्हणायची, "मॅडम, भाऊ ठीक आहे, राव म्हणतोय."

पण फोन लागणंच कमी होत गेलं. कधी तिकडं लाइट नसायची, कधी सगळं नेटवर्कच बंद. ती फोन हातातून सोडेना. ताटाच्या शेजारी फोन, उशीखाली फोन, आंघोळीला जाताना प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला फोन. तिच्या डोळ्यांखाली काळं धरायला लागलं. होस्टेलवर तिच्या देशातल्या आणखी दोघी होत्या, त्या हैदराबादला नातेवाइकांकडं निघून गेल्या. हिला कुणी नव्हतं, आमच्याशिवाय.

त्यात आमच्या इकडचे आवाज. देहूरोडच्या बाजूनं लष्कराचा सराव चालतो. धाड धाड आवाज येतात, खिडक्यांच्या काचा थरथरतात, आणि आम्ही आपलं कांदा चिरत असतो. आम्हाला ते ऐकूसुद्धा येत नाही. एका सकाळी तसे आवाज सुरू झाले आणि मेसमधलं एक ताट खाली पडलं. बघते तर ही टेबलाखाली, दोन्ही हात कानांवर. मी खाली वाकले. माझं बोलणं रागात किंवा भीतीत असलं की सरळ नांदेडला जाऊन पोचतं. "अगं लेकरा, कामून भ्यायलीस? आपलंच सैन्य आहे, सराव करायलंय." ती म्हणाली, "मॅडम, तिकडं पण आपलंच आहे."

त्या दिवशी मी गच्चीच्या दाराला कुलूप लावलं. का लावलं ते कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पण संध्याकाळी कपडे वाळत घालायला जागा नाही म्हणून जी पोर तणतणत आली, तिला मी असं झापलं की ती रडत गेली.

कॉलेजनं त्यांच्या परीनं केलं, मी नाही म्हणत नाही. समुपदेशक म्हणून एक तरुण बाई यायला लागल्या. पहिल्या दिवशी त्यांनी हॉलमध्ये सगळ्यांना डोळे मिटून श्वास मोजायला लावला. मी मनात म्हटलं, आमच्या पोरीच्या बापावर बॉम्ब पडतायत आणि ही बाई पोरींना श्वास मोजायला शिकवतेय. पण नंतर त्या आम्हा स्टाफला बाजूला घेऊन बोलल्या ते शहाणपणाचं होतं. तिला एकटं सोडू नका. वेळेवर खायला घाला. आणि सारखं सारखं "काही कळलं का" म्हणून विचारू नका, काही कळलं की ती आपणहून सांगेल.

खरं होतं ते. वॉचमन विचारायचा, बसचा ड्रायव्हर विचारायचा, लिफ्टमध्ये भेटलेली पोर विचारायची, सगळी मायेनंच. आणि प्रत्येक वेळी तिच्या तोंडचं पाणी पळायचं, कारण तिला वाटायचं, यांना काहीतरी कळलंय म्हणून तर विचारतायत.

तेव्हा विचारणं आम्ही बंद केलं. सगळा घोटाळा झाला तो त्याच्यानंतर.

एका सकाळी मी कॉलेजच्या मुख्य ऑफिसातून परत आले तर मावशी स्वयंपाकघराच्या पायरीवर पदर तोंडाला लावून बसलेली. आत गॅस बंद. त्या दिवशी एकीचा वाढदिवस होता, शिरा करायचा ठरला होता, रवा अर्धा भाजून तसाच कढईत पडला होता.

"काय झालं मावशी?"

"म्याडम, पोरीचा बाप गेला वो."

मी तिथंच तिच्या शेजारी पायरीवर बसले. "कुणी सांगितलं?"

"तिनंच की. सकाळच्याला आली, डोळं भरल्यालं. म्हनली, मावशी, बाबा गेले. मी तिला पोटाशी धरली. तवर बसनं हारन मारला आन ती पळाली. परीक्षा हाय म्हनं. आशा दिसाला परीक्षा देती का कुनी? किती सोसावं म्हनते मी पोरीनं."

मला ते पटलं. धक्का बसला की माणूस असंच करतं, ठरलेलं काम यंत्रासारखं करत राहतं. ती लॅबमध्ये होती, फोन बाहेर बॅगेत. मी ऑफिसला कळवलं. ऑफिसनं लगेच सगळ्या ग्रुपवर टाकलं, आणि मग काय, पणतीच्या चित्रासकट "भावपूर्ण श्रद्धांजली"चा नुसता पाऊस पडला. ज्या मास्तरांचं नावसुद्धा कुणाला माहीत नव्हतं, त्यांना प्रोफेसरांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांनी हात जोडले. पोर मराठी बोलायची, पण वाचता तिला येत नव्हतं. मी समुपदेशक बाईंना फोन केला. त्या वाकडच्या चौकात ट्रॅफिकमध्ये अडकल्या होत्या.

मावशीनं डोळे पुसले आणि उठून पिठलं टाकलं. ज्याच्या घरी माणूस गेलं त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी करून आणतात, त्याला आपण कडू घास म्हणतो. पोर हजारो मैलांवर एकटी, तिला शेजार आमचाच. "ज्वारीचीच करते," मावशी म्हणाली, "तिच्या देशात बी ज्वारी खात्यात, तीच सांगत होती." दुपारी मुली आपापल्या वर्गांवरून येत गेल्या आणि हॉलमध्ये खाली सतरंजीवर बसत गेल्या. कुणी सांगितलं नव्हतं. एकीनं उदबत्ती लावली. दोघी-तिघी रडत होत्या, त्यांच्यात ज्या पोरीला मी गच्चीवरून झापलं होतं तीही होती. मीही रडत होते. मला माझे वडील आठवत होते.

बस आली. ती दारात आली. बॅग खांद्यावर, चपला काढायला वाकलेली. मग तिनं मान वर केली.

तिला काय दिसलं असेल याचा मी नंतर खूप विचार केला. सगळं होस्टेल जमिनीवर बसलेलं, उदबत्तीचा वास, रडके चेहरे, आणि सगळ्यांची नजर तिच्यावर. मावशी उठली, तिच्या गळ्यात पडली आणि गळा काढून रडायला लागली, "आगं माझ्या लेकरा, बाप गेला गं तुझा."

त्या पोरीचा चेहरा राखेसारखा झाला. ती ओरडली नाही. बारीक आवाजात तिनं मला विचारलं, "मॅडम, कोणी सांगितलं? फोन आला? कुठं आला?"

"अगं, तूच तर सांगितलंस. सकाळी."

"मी? मी नाही सांगितलं." मी आणि मावशीनं तिला धरून खाली बसवलं. ती बॅग उपसायला लागली, फोन सापडेना, वह्या, डबा, सगळं सतरंजीवर पडलं. "मी सांगितलं बाबा गेले. घरातून गेले. बसमध्ये बसले. सकाळी भाऊचा फोन आला, बाबा ऐकले, बाबा गेले."

मला सगळं एकदम समजलं आणि समजूनही जीव भांड्यात पडला नाही, उलट जास्तच भीती वाटली. आम्ही जिवंत माणसासाठी उदबत्ती लावली होती.

"निघाले," मी म्हटलं. "निघाले म्हणायचं लेकरा. घरातून निघाले. नुसतं गेले म्हटलं की आपल्यात माणूस वारला."

"लाइट गेली, ती वारली?" ती म्हणाली. "बस गेली, ती वारली? मावशी रोज म्हणते, पोरी कॉलेजला गेल्या."

तिचं चूक नव्हतं. आपली भाषाच तशी आहे. कुठं गेला ते सांगितलं तर गेलेला माणूस परत येतो, नाही सांगितलं तर येत नाही. हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर कळतं, पण तिला कोण सांगणार? मावशी तर पार खचली. कपाळावर हात मारून घेत होती. एक मुलगी उठून उदबत्ती विझवायला गेली, मग विझवावी की नाही ते न कळून तशीच उभी राहिली.

फोन सापडला. तिनं भावाला लावला. नाही लागला. बाबांना लावला. नाही लागला. आमच्या सगळ्यांच्या देखत ती लावत राहिली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मॅडम, पण तुम्ही रडलात. सगळे रडले. आता काय होणार?"

मी शिकलेली बाई, असल्या गोष्टी मानत नाही म्हणून मिरवते, आणि त्या क्षणी मला तीच भीती खात होती. उत्तर मावशीनं दिलं. तिनं पोरीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "ऐक माझं. आपल्यात आसं हाय, जित्या मानसाची खोटी बातमी उठली न्हवं, की त्याचं आयुष्य वाढतंय. जितकी मानसं रडली तितकं वाढतंय. तुझा बाप आता म्हातारा हूनच मरतुया बग. व्हय का न्हाई हो म्याडम?"

"हो," मी म्हटलं. "असंच आहे."

समुपदेशक बाई पोचल्या तेव्हा आम्ही अशा बसलो होतो. त्यांना वाटलं होतं तसं काहीच नव्हतं. पण त्यांनी बॅग ठेवली, सतरंजीवर तिच्या शेजारी बसल्या, आणि म्हणाल्या, आपल्याला जेवढं माहीत आहे तेवढंच बोलू या. बाबा आणि भाऊ घरातून निघाले आहेत. बस. तेव्हापासून होस्टेलवर तेच वाक्य झालं. कुणी काही विचारायला तोंड उघडलं की मीच आधी म्हणायची, "निघाले आहेत." ग्रुपवरच्या पणत्या पुसायला लावल्या. पिठलं-भाकरी वॉचमनच्या बायकोला देऊन टाकली. पोरीला त्यातला घास द्यायचा नाही असं मावशीनं बजावलं होतं.

मग फोन बंद ते बंदच. दिवस जात राहिले. वाळवंटातला रस्ता, जागोजागी बंदुका घेतलेली माणसं, सीमेवर रांगा, हे सगळं ती दुसऱ्यांच्या मोबाईलवरच्या व्हिडिओत बघायची. मी काढून घ्यायची, ती दुसरीचा मागायची. कंपन्यांच्या बसगाड्या होस्टेलसमोरून चाकणकडं जायच्या तेव्हा ती खिडकीशी उभी राहून त्यांच्यातली माणसं बघायची. नवरा फर्स्ट शिफ्टवरून यायला जरा उशीर झाला की मी त्याच्यावर चिडायची. "पोचलं की फोन करता येत नाही?" तो बिचारा म्हणायचा, "अगं, चाकण ते पुनावळे. कुठं हरवणार आहे मी?" त्याला काय सांगणार? मला तेव्हा घरातून निघालेल्या कुणाचाच भरवसा वाटत नव्हता.

मावशीचं मात्र एकच पालुपद. भाकरी थापता थापता म्हणायची, "वाढलंय त्याचं आयुष्य." पोरीला ते रोज ऐकायला लागायचं. एखाद्या दिवशी मावशी विसरली तर ती स्वतःच विचारायची, "वाढलंय ना मावशी?"

एके दिवशी पोर स्वयंपाकघरात आली तेव्हा मी आणि मावशी गवार निवडत होतो. ऊन होतं. मागच्या दारानं कांद्याच्या पोत्यांचा वास येत होता. तिच्या हातात फोन होता आणि ती मला सरळ उभी राहिलेली दिसली, खूप दिवसांनी.

"बाबा पोचले," ती म्हणाली. "आईजवळ आहेत. मी आवाज ऐकला."

मावशीच्या मांडीवरची गवार सगळी खाली सांडली. ती उठली, साखरेचा डबा काढला, मूठ भरून साखर पोरीच्या तोंडात कोंबली, अर्धी जमिनीवर सांडली. "म्हनलं न्हवतं मी? म्हनलं न्हवतं का?" ती मलाच दटावत होती. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. मी पोरीच्या पाठीवरून हात फिरवत विचारलं, "आणि भाऊ? राव काय म्हणतो?"

तोंडात साखर होती, ती हळू बोलली. "भाऊ गेला."

"कुठं गेला?" मावशी म्हणाली. हसतच म्हणाली. एव्हाना आम्हाला तिचं मराठी कळत होतं. तिचं गेला म्हणजे निघाला. "कामाला गेला का लगीच? का हितंच यायला निघालाय?"

ती मावशीकडं बघत राहिली. साखर तिनं गिळली नव्हती, ती तिच्या ओठांवर दिसत होती.

"नाही मावशी," ती म्हणाली. "तुमचं गेला. वाटेत बसमधून उतरवला. बाबांच्या समोर."

नळ चालू होता, तो बंद करायला कुणी हललं नाही. माझ्या कानात ते "मॅडम, काय राव" वाजत होतं आणि मला ते थांबवता येत नव्हतं. मी तिला जवळ ओढलं. ती रडत नव्हती. माझ्या खांद्यावर तोंड ठेवून ती काहीतरी म्हणाली, मला ऐकू आलं नाही, म्हणून मी वाकले.

"त्या दिवशी आपण बाबांसाठीच रडलो मॅडम," ती म्हणाली. "त्याच्यासाठी कोणीच रडलं नाही."

मावशीनं गॅस बंद केला. मग ती खाली बसली, सांडलेली साखर हातानं गोळा केली, आणि पिठलं करायला बेसनाचा डबा काढला.